निफाड आलं, उतरा

कुकर लावलेला असेल तर गॅस बारीक करून या, आम्ही थांबतो. आजचा विषय प्रवासाचा आहे, आणि प्रवासात अर्धं लक्ष दुसरीकडे असलं की काय होतं ते आम्ही चांगलं भोगलंय.

आम्ही म्हणजे निफाडच्या नऊ-दहा जणी. कुणाची द्राक्षबाग आहे, कुणी कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाते, दोघी अंगणवाडीत, एक निवृत्त नर्सबाई. दर बुधवारी दुपारी जमतो आणि प्रवासापुरतं इंग्रजी शिकतो. सुरुवात हौसेने झाली नाही. आमच्यातल्या एका वहिनींच्या मुलीला नागपूरला नर्सच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. नाशिकरोडहून रात्रीच्या गाडीचं तिकीट काढलं. तिकिटावर तारीख पंधरा, वेळ शून्य शून्य पस्तीस. मायलेकी पंधरा तारखेला जेवून, डबा घेऊन, रात्री अकरालाच स्टेशनवर जाऊन बसल्या. बारा पस्तीस झाले, त्यांच्या नावाचं आरक्षण काही डब्यावर दिसेना. शेवटी एका हमालदादांनी तिकीट हातात घेतलं आणि सांगितलं, "ताई, तुमची गाडी काल रात्रीच गेली."

ती जागा गेली. मुलगी चार दिवस कुणाशी बोलली नाही. मग एक दिवस तिनेच विचारलं, "पण चूक नक्की कुठे झाली? तारीख तर मी वाचली होती." तारीख तिने वाचली होती, हे खरंच होतं. त्या एका प्रश्नापासून आम्ही मागे मागे जात राहिलो, आणि जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगणार आहोत.

आपल्या पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. रविवारी रात्री एक वाजला तरी आपल्या आजीच्या लेखी तो रविवारच, कोंबडा आरवल्यावर सोमवार. वेळ मोजायची ती प्रहरांनी आणि घटकांनी. आठ प्रहरांचा दिवस, साठ घटकांची दिवसरात्र, एक घटका चोवीस मिनिटांची. तेवढ्या हिशेबावर पेरणी झाली, लग्नं लागली, पंढरीच्या वाऱ्या झाल्या. रेल्वे आली आणि तिने तारीख मध्यरात्री बदलायला लावली. आणि मिनिट हा शब्द घरात आणला, ज्याला आपल्याकडे नेमकं माप नव्हतं. गंमत म्हणजे रेल्वेची वेळ तरी कुठली? मुंबईची वेळ वेगळी, मद्रासची वेगळी, दोन्हींत सुमारे अर्ध्या तासाचं अंतर, आणि रेल्वे चाले मद्रासच्या वेळेवर. म्हणजे आपल्या भागातल्या माणसाला गावची वेळ एक आणि स्टेशनची दुसरी. सगळ्या देशाची एक प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबई शहराने आपली वेगळी वेळ पुढे कितीतरी वर्षं सोडली नव्हती. तेव्हा बाळे, चूक एकट्या तुझी नाही. पंचांगाची रात्र आणि रेल्वेची रात्र यांच्यामधल्या फटीत तू पडलीस.

पडण्यावरून आठवलं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आपल्या निफाडचे, जन्म १८ जानेवारी १८४२. ते अडीच वर्षांचे असतील तेव्हाची गोष्ट. घरची मंडळी बैलगाडीने कोल्हापूरच्या वाटेला लागली होती. रात्रीची वेळ, सगळे झोपलेले, आणि खाचखळग्यात गाडीला हिसका बसून लहानगा महादेव खाली पडला. गाडी तशीच पुढे गेली. मागून घोड्यावर विठूकाका येत होते. टापांचा आवाज ऐकून पोराने अंधारातून काकांना हाक मारली म्हणून तो सापडला. निफाडहून कोल्हापूर म्हणजे तेव्हा अनेक मुक्कामांचा प्रवास.

मुक्काम, मजल, रस्ता, सवारी, मुसाफिर. हे सगळे शब्द आपल्याला कसे अस्सल मराठी वाटतात! पण ते आले फारसी-अरबीतून, मुसलमानी राजवटींच्या काळात. परकं नाणं तीनशे वर्षं चाललं की आपलंच होतं. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेकडे गेले, ते चालतच. त्यांचा 'माझा प्रवास' छापून आला १९०७ साली, पण त्यातला प्रवास जुन्या जगाचाच, मजल दरमजल करणाऱ्यांचा. ते निघाले तेव्हा मुंबईत आगगाडी सुरू होऊन चार वर्षं झाली होती.

१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमाराला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे माणसं, ओढायला तीन इंजिनं, आणि त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. बोरीबंदरातलं 'बंदर' फारसी, 'बोरी' आपली, आणि गाडी विलायती. एकवीस मैलांचा प्रवास तासाभरात झाला. तेव्हा लोकांना या वस्तूसाठी नाव हवं होतं. विद्वानांनी अग्निरथ म्हणून पाहिलं, पण लोकांनी केलं ते सोपं. आगीवर चालते ती आगगाडी, पाण्यावर आगीने चालते ती आगबोट. खेड्यात आगीनगाडी. आज इंजिनात आग नाही, विजेवर चालतं, आणि 'आग' गळून नुसती 'गाडी' उरली. "गाडी किती वाजताची?" एवढं म्हटलं की पुरतं.

आपल्या भागात रूळ आले ते १८६० च्या दशकात. अडचण होती ती थळ घाटाची, ज्याला आपण कसारा घाट म्हणतो. सदतीस फुटांत एक फूट अशी त्याची चढण. १ जानेवारी १८६५ ला कसारा ते इगतपुरी मार्ग खुला झाला, आणि मग मुंबईची गाडी सलग इकडे येऊ लागली. आजही वर चढणाऱ्या गाडीला कसाऱ्याला जादा इंजिनं जोडतात आणि इगतपुरीला काढतात. त्या इंजिनांना म्हणतात बँकर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्यातल्या बचत गटाच्या खजिनदारबाई म्हणाल्या, "बँकर चढाला मदत करतो? आमच्या अनुभवात तरी नाही." हा बँक म्हणजे पैशांची पेढी नव्हे, उतार-चढ या अर्थाचा बँक.

घाट हा शब्द मात्र उलट दिशेने गेला. इंग्रजांनी तो आपल्याकडून घेतला. टांगाही घेतला, बंदरही घेतलं. १८८६ साली लंडनला 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश निघाला, इंग्रजांच्या बोलण्यात शिरलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा. त्यात हे तिन्ही बसलेले आहेत. तेव्हा इंग्रजी शब्द वापरला की मराठी बुडाली असं कुणी म्हणालं, तर आम्ही हा घाट दाखवतो. देवाणघेवाण दोन्हीकडून झाली आहे. फक्त आपण जास्त घेतलं, कारण रूळ त्यांचे होते.

घेतलं ते जसंच्या तसं नाही घेतलं, हेही बघा. सिग्नलचा शिंगल झाला, स्टेशनचं टेसण, प्लॅटफॉर्मचा फलाट. आमच्या एका सासूबाई अजून "शिंगल पडला का" असंच विचारतात. एसटीची यष्टी झाली. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर पहिली एसटी धावली आणि त्यानंतर गावोगावच्या बायकांनी सगळ्यांत जास्त कुठला इंग्रजी शब्द ऐकला असेल तर तो 'डबल'. कंडक्टरने दोरी दोनदा ओढली की गाडी हलणार. आणि १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं भाडं झालं, तेव्हापासून दुसरा शब्द. "एक निफाड, हाफ." हा शब्द आम्हाला कुणी शिकवावा लागला नाही.

उलट प्रकारही आहे, शब्द त्यांचा आणि अर्थ आपला. बोगी म्हणजे इंग्रजीत डब्याखालचा चाकांचा सांगाडा. आपण अख्ख्या डब्याला बोगी म्हणतो, आणि विलायतेतल्या माणसाला "माझी बोगी कुठे" विचारलं तर तो डब्याखाली वाकून बघेल. जंक्शन म्हणजे जिथे लोहमार्ग मिळतात ते स्टेशन, आपलं मनमाड तसं. पण आपल्याकडे जेवणही जंक्शन असतं.

आता आपल्याच मार्गावरची एक गंमत. निफाड सोडलं की उगाव, मग लासलगाव, मग मनमाडच्या आधी एक छोटं स्टेशन लागतं, समिट. आम्हाला वाटायचं, असेल कुणा समितीचं गाव. इंग्रजीत समिट म्हणजे माथा, चढ जिथे संपतो ते टोक. जन्मभर त्या स्टेशनवरून गेलो, आणि तो शब्द इंग्रजी आहे हे पन्नाशीत कळलं. तसंच नाशिकरोडचं. स्टेशनच्या नावाला 'रोड' चिकटलेला दिसला की समजायचं, मूळ गाव इथे नाही, इथून रस्त्याने जायचं आहे. सावंतवाडी रोड तसंच. नाशिक शहर स्टेशनपासून लांब, म्हणून तर एके काळी त्या दोहोंच्यामध्ये घोड्यांनी ओढायची ट्राम होती. एवढा एक शब्द माहीत असता तर आमच्या एक काकू कोकणात लग्नाला गेल्या तेव्हा स्टेशनवर उतरून "गाव कुठंय, गाव कुठंय" करत फिरल्या नसत्या.

आणि अप-डाउन? आपल्याकडची मुलं "मी नाशिकला अप-डाउन करतो" म्हणतात, म्हणजे रोज जाऊन-येऊन. रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईहून येणारी डाउन. इथे जमिनीचा चढ-उतार बघायचा नाही. निफाडहून मुंबईला जाताना आपण कसारा घाट धडधडत खाली उतरतो, तरी ती गाडी अप. मोठ्या साहेबांचं ठिकाण ते वर, बाकी सगळे खाली. भूगोलापेक्षा मानाला महत्त्व दिलेला हा शब्द आहे, असं आमचं मत.

शब्दांचं झालं. आता हे शब्द वाचायचे कुणी, हा प्रश्न. पाटी इंग्रजीत, वेळापत्रक इंग्रजीत, आणि घरात इंग्रजी येणारा एकच पुरुष. बाई प्रवासाला निघाली की तिच्याबरोबर कुणीतरी लागणार, कारण वाचणारं कुणीतरी लागणार. ही गाठ पहिल्यांदा ज्यांनी सोडवली त्यांत रानड्यांच्याच घरातली एक बाई आहे.

रमाबाई रानडे. जन्म १८६२. १८७३ साली लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. रानड्यांनी आधी मराठी शिकवलं, मग इंग्रजी. पुण्याच्या घरात वडीलधाऱ्या बायकांचा या शिकण्यावर राग होता, टोमणे होते, अबोला होता. १८७८ मध्ये रानड्यांची बदली नाशिकला झाली आणि अभ्यासाला जरा मोकळा वारा मिळाला. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. हे सगळं रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहून ठेवलंय, ते १९१० साली निघालं. त्यात एक प्रसंग आहे. कलकत्त्याला असताना रानड्यांनी न्हाव्याकडून बंगाली वाचायला शिकून घेतलं आणि मग ते बायकोला शिकवलं. न्यायमूर्ती माणूस, दाढी करून घेताना न्हाव्याला अक्षरं विचारतो! आमच्या वर्गात कुणी "मला या वयात लाज वाटते" म्हणालं, की आम्ही हाच न्हावी काढतो. आपल्याला मिळालेलं रमाबाईंनी स्वतःपुरतं ठेवलं नाही. पुण्याच्या सेवासदनात, १९०९ पासून, संसारात अडकलेल्या, विधवा, थोराड वयाच्या बायकांना शिकवण्याचं काम त्यांनी उभं केलं.

आपल्याच लोहमार्गावरच्या कल्याणात १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. त्या १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. बरोबर नवरा नाही, घरचं कुणी नाही. वय अठरा. निघण्याआधी त्यांनी श्रीरामपूर कॉलेजात, म्हणजे बंगालातल्या श्रीरामपूरला, आपण का जातो आहोत हे भर सभेत इंग्रजीत सांगितलं. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, पुढे अमेरिकेला, आणि १८८९ साली त्यांनी अमेरिकेचं प्रवासवृत्त मराठीत लिहिलं. म्हणजे बायकांनी इंग्रजी शिकून प्रवास केला, आणि परत येऊन मराठीत सांगितला. आम्हाला यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो.

आता व्याकरण. घाबरू नका, रेडिओ बंद करू नका. आम्हालाही शाळेत व्याकरणाने छळलं होतं, पण प्रवासाच्या वाटेने गेलं की ते निराळंच दिसतं.

आपल्याला शाळेत शिकवलेलं मराठी व्याकरण मुळातच दोन घरचं आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' काढलं. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. आपण पाठ केलेल्या आठ विभक्त्या संस्कृतातून आलेल्या, आणि शब्दांच्या आठ जाती इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवरच्या. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह हेही इंग्रजीकडून आले, मेजर कॅंडी नावाच्या साहेबाने त्यांचा पाठपुरावा केला. पुढे तर्खडकर भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. आमच्या नर्सबाईंच्या वडिलांकडची प्रत अजून आहे, पाठीला डिंकाने कागद लावलेली. ती पाठमाला एक गोष्ट फार चांगली करते. ती मराठी वाक्य पुढे ठेवते आणि म्हणते, आता याचं इंग्रजी कर. म्हणजे आपल्या घरातून निघायचं आणि तिकडे जायचं. आम्हीही तेच केलं.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं ते असं. मराठीत नात्याचं शेपूट शब्दाच्या मागे लागतं, इंग्रजीत ते पुढे चालतं. नाशिकला, नाशिकहून, नाशिकात. इंग्रजीत टू नाशिक, फ्रॉम नाशिक, इन नाशिक. आपल्याकडे गावाचं नावही वाकतं. येवला, पण येवल्याला. पुणे, पण पुण्याहून. इंग्रजीत गाव ताठ उभं राहतं, टू येवला, फ्रॉम पुणे. आपण इंग्रजी बोलताना सवयीने 'येवल्या टू' असं काहीतरी तोंडातून येतं. म्हणून आम्ही एक खूण केली. मराठीत गाडीचा गार्ड शेवटच्या डब्यात, इंग्रजीत इंजिन पुढे.

मग वाहनं. बसने, रिक्षाने, आगगाडीने. तिन्ही ठिकाणी आपला 'ने'. इंग्रजीत बाय बस, बाय रिक्षा, बाय ट्रेन. छान जुळलं. मग एकीने विचारलं, "आणि चालत?" इंग्रजीत तिथे बाय नाही, ऑन फुट. सगळ्या वैतागल्या की हे नियम मोडणं कशाला. तेवढ्यात अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "आपण तरी कुठे 'पायाने गेले' म्हणतो? पायी गेले म्हणतो." बरोबर! घरी, दारी, पायी, ही जुनी सप्तमी, जागा सांगणारी. इंग्रजीतला ऑनही जागा सांगणारा. दोन्ही भाषांनी पायाला वाहन मानलं नाही. आम्ही त्या दिवशी चहा दोनदा केला.

गाडीत बसणं हे मात्र जुळत नाही. आपण बसमध्ये असतो, रिक्षात असतो, गाडीत असतो. इंग्रजीत रिक्षा-टॅक्सीला इन, पण बस, ट्रेन, विमान, बोट यांना ऑन. ढोबळ खूण अशी की ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला ऑन. एसटी खच्चून भरलेली असताना चालता येत नाही, तरी ऑनच.

आता ज्याच्यावर आमच्यात खरा वाद झाला ते सांगतो. आपण म्हणतो, "माझी गाडी चुकली." इंग्रज म्हणतो, आय मिस्ड द ट्रेन. आपल्याकडे चुकली ती गाडी. त्याच्याकडे चुकवली ती 'मी'. "मला उशीर झाला", इथे उशीर झाला, तो मला येऊन गाठला. इंग्रजीत आय अ‍ॅम लेट, मीच उशिराची. "मला गाडी लागते", म्हणजे पोटात ढवळतं, तिथेही गाडी लागते, मी काही करत नाही. "निफाड आलं, उतरा", आपण बसून असतो आणि निफाड चालत येतं. आपल्या भाषेत प्रवासात बऱ्याच गोष्टी आपल्यावर घडतात, इंग्रजीत आपण त्या करतो.

एक जण म्हणाली, मग इंग्रजीच खरी, जबाबदारी घ्यायला शिकवते. नर्सबाईंना हे पटलं नाही. त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं वॉर्डात मी बायकांना "माझंच चुकलं" म्हणताना ऐकलंय, ज्यात त्यांचं काही चुकलेलं नव्हतं. गाडीवर थोडं ढकललं तर बिघडत नाही. त्यावर ती मुलगी, जिची मुलाखत हुकली होती, हळूच म्हणाली, "मला दोन्ही वाक्यं यायला हवीत. कधी कुठलं म्हणायचं ते मी ठरवीन." वाद मिटला नाही, पण विषय तिथे थांबला.

लिंगाचंही असंच. इंग्रजीत ट्रेन ना ती ना तो. मराठीत आली आणि गाडीच्या मांडीला मांडी लावून बसली म्हणून ती ट्रेन. बस ती, सायकल ती, मोटार ती. ट्रक तो, डबा तो. स्टेशन आणि तिकीट ते. शिवाय तिकिटाने आपले र्‍हस्व-दीर्घाचे नियमही मुकाट्याने पाळले, तिकीट पण तिकिटाला. याच्या उलट, इंग्रजी क्रियापद बाई-पुरुष सांगत नाही. द ड्रायव्हर केम म्हटलं तर आला की आली? मराठीत ठरवावंच लागतं. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८८ साली देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या, आणि १३ मार्च २०२३ ला त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली. इंग्रजी वाक्यात हे लपून राहू शकतं. मराठीत "ड्रायव्हर आली" म्हणताना जीभ एकदा अडखळते, आणि मग सवय होते.

आता उपयोगाचं, पटकन. तिकिटावरची अक्षरं: सीएनएफ म्हणजे जागा पक्की. आरएसी म्हणजे बसायला मिळेल, झोपायला कदाचित. डब्ल्यूएल म्हणजे प्रतीक्षा यादी. डिपार्चर म्हणजे सुटण्याची वेळ, अरायव्हल म्हणजे पोचण्याची. कॅन्सल्ड म्हणजे रद्द, डायव्हर्टेड म्हणजे गाडी येईल पण दुसऱ्या मार्गाने जाईल, कदाचित तुमचं गाव टाळून. रीशेड्यूल्ड म्हणजे सुटण्याची वेळच बदलली. या शेवटच्या तिघींत गोंधळ करू नका. प्रश्न विचारताना मराठीत आपण शेवटी 'का' लावतो, ही गाडी कल्याणला जाते का. इंग्रजीत तो 'का' सुरुवातीला येतो आणि त्याचं नाव डझ. डझ धिस ट्रेन गो टू कल्याण. 'का' उचलून पुढे ठेवायचा, एवढंच.

आपल्या मालालाही हे इंग्रजी लागतंच. ऑगस्ट २०२० मध्ये देशातली पहिली किसान रेल देवळालीहून बिहारच्या दानापूरला गेली. आपल्या तालुक्यातली द्राक्षं कंटेनरमधून युरोपात जातात, आणि पेटीवर काय छापलंय ते पॅकिंग करणाऱ्या बाईला वाचता येत नाही, असं अजून आहे. त्यावर एक वेगळं भाषण करू.

ती मुलगी आता नाशिकच्या एका दवाखान्यात काम करते, अप-डाउन करते. बुधवारी सुट्टी मिळाली तर येते. चोवीस तासांचं घड्याळ शिकवायचं काम आम्ही तिच्याकडे दिलंय. ती फळ्यावर आधी शून्य शून्य पस्तीस लिहिते, खाली आदल्या दिवसाची तारीख लिहिते, आणि म्हणते, "काकू, या गाडीसाठी घरातून कधी निघाल?"

पुढच्या वेळी विमानतळावरचे शब्द घेऊ, दोघींची मुलं परदेशी आहेत त्यांचा आग्रह आहे. तोवर तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून ठेवा, स्टेशनला, सिग्नलला, गार्डला ते काय म्हणत. जे शब्द सांगतील ते एका कागदावर उतरवा आणि केंद्रावर आणून द्या.